वाचकांचे प्रश्न : मोबाइल बाजूला ठेवल्यावर हाताला काय द्यायचे?

तरुण मुलांच्या इंटरनेटच्या अतिवापराविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. ही पत्रे एकापाठोपाठ एक वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. मोबाइल सुटावा कसा, हे बहुतेकांनी विचारले आहे. मोबाइलमधून नेमके मिळते काय, हे मात्र एकाच पत्रात विचारले आहे, आणि ते पत्र स्वतः अडकलेल्या एका मुलाचे आहे. त्याच्या पत्राला मी सर्वांत जास्त जागा देणार आहे.

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. दिवसाचे पाच-सहा तास तिच्या हातात मोबाइल असतो. अभ्यास, मैत्रिणींशी गप्पा, गाणी, व्हिडिओ, सारे त्यावरच चालते. घरातील मोठी माणसे म्हणतात की तिला व्यसन लागले आहे. किती तासांच्या पुढे वापर गेला की व्यसन समजावे?

उत्तर : तासांची अशी सीमारेषा वैद्यकशास्त्राने आखलेली नाही, आणि ती आखता येईल असे मलाही वाटत नाही. सहा तास मोबाइल वापरूनही वेळेवर झोपणारी, हातातले काम पुरे करणारी आणि घरात मोकळेपणाने बोलणारी मुलगी असू शकते. आणि केवळ दोन तासांच्या वापरामुळे ज्याचे वर्ष वाया चालले आहे असा मुलगाही असू शकतो, कारण त्याचे ते दोन तास रोज मध्यरात्रीनंतरचे असतात.

या शब्दाचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे, कारण घरोघरी तो फार सहज वापरला जातो. इंटरनेटच्या व्यसनाची लक्षणे 1995 मध्ये इव्हान गोल्डबर्ग या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्यांदा मांडली ती चक्क थट्टेने. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग या मानसशास्त्रज्ञ महिलेने हा विषय गांभीर्याने मांडला, आणि 1998 मध्ये वीस प्रश्नांची एक चाचणीही तयार केली, जी आजही वापरात आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 च्या निदानपुस्तिकेत इंटरनेटवरील खेळांच्या विकाराची नोंद घेतली, पण 'अधिक अभ्यासाची गरज असलेला विषय' एवढीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे 2019 मध्ये मंजूर झाले आणि 2022 पासून लागू झाले, 'गेमिंग डिसऑर्डर' हा विकार म्हणून स्वीकारला गेला. रील पाहणे किंवा समाजमाध्यमांचा अतिवापर यांना त्यात स्वतंत्र विकाराचा दर्जा नाही. त्यामुळे त्यांचा त्रास खोटा ठरत नाही. परंतु 'तिला व्यसन लागले' हा निकाल घरात बसून देण्याची घाई करू नये, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

त्या वर्गीकरणाने खेळांसाठी सांगितलेल्या तीन खुणा इतर वापरालाही कसोटी म्हणून उपयोगी पडतात. कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे यावरचा ताबा सुटणे ही पहिली. इतर आवडी, नाती आणि रोजची कामे मागे पडून ती एकच गोष्ट सर्वांपुढे येणे ही दुसरी. आणि नुकसान डोळ्यांना दिसत असूनही वापर चालूच राहणे किंवा वाढणे ही तिसरी. हे सारे साधारण बारा महिने टिकले, आणि त्यामुळे शिक्षण, घर किंवा मैत्री यांत ठळक बिघाड झाला, तरच निदानाचा विचार केला जातो. त्रास तीव्र असेल तर कमी काळातही.

तुमच्या पत्रात या तीनपैकी एकही खूण मला आढळत नाही. तुम्ही तास मोजले आहेत, पण मुलगी किती झोपते, पूर्वी आवडीने करत असलेली कोणती गोष्ट तिने सोडली आणि मोबाइल बंद असताना तिचा चेहरा कसा असतो, याविषयी काही लिहिलेले नाही. पुढचा महिनाभर घड्याळाऐवजी या तीन गोष्टींकडे पाहा. उत्तर चांगले आले तर तिच्यामागे लागू नका.

प्रश्न : मी वीस वर्षांचा विद्यार्थी आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर दहा मिनिटे म्हणून रील पाहायला घेतो आणि दोन-अडीच वाजतात. आतापर्यंत चार वेळा अ‍ॅप काढून टाकले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा घेतले, आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पाहिले. नंतर आठवावे तर पाहिलेले काहीच आठवत नाही. मग मला त्यातून मिळते तरी काय? माझ्यात इच्छाशक्तीच नाही असे आता वाटू लागले आहे.

उत्तर : तुझ्या पत्रातले शेवटचे वाक्य मला मान्य नाही. चार वेळा पडूनही तू पाचव्यांदा उठण्यासाठी पत्र लिहिले आहेस. तुझी इच्छा चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी झुंजते आहे, म्हणून ती हरते. रात्री साडेअकरा वाजता, दमलेल्या अवस्थेत, अंगठा पडद्यावर असताना थांबण्याचा निर्णय घेणे फार थोड्यांना जमते. तोच निर्णय संध्याकाळी सात वाजता घेणे त्या मानाने पुष्कळ सोपे असते.

आधी तुझ्या प्रश्नाकडे येते. काहीच आठवत नसताना हात पुढे का जातो? बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यात प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत दिसून आले होते की, दर वेळी खाद्य मिळत असेल त्यापेक्षा ते कधी मिळेल याचा नेम नसेल, तेव्हा कळ दाबण्याची सवय अधिक चिवट होते. पाच रील कंटाळवाण्या निघतात आणि सहावी मनापासून हसवते. त्या सहाव्या रीलच्या आशेवर आणखी वीस पाहिल्या जातात. मेंदूतील डोपामिन हे आनंदाचे रसायन आहे असे सर्रास सांगितले जाते, पण त्याचा संबंध आनंदापेक्षा ओढीशी अधिक आहे. हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतल्या दोन निरनिराळ्या घटना आहेत, आणि म्हणूनच मुळीच न आवडणारी गोष्टही रात्री दोनपर्यंत हवीहवीशी वाटू शकते. त्यात या पडद्याला तळ नाही. पुस्तकात प्रकरण संपते आणि वाचणारा क्षणभर थांबतो, तशी जागा इथे ठेवलेलीच नाही. न संपणाऱ्या स्क्रोलची ही रचना 2006 मध्ये एझा रॅस्किन यांनी तयार केली, आणि पुढे त्यांनी स्वतःच तिच्याविषयी जाहीरपणे खेद व्यक्त केला. हे सांगण्यामागचा हेतू तुला जबाबदारीतून मोकळे करण्याचा नाही. समोर काय उभे आहे हे ठाऊक असले की माणूस स्वतःला कमी लेखत बसत नाही, आणि कमी लेखणे थांबले की काम सुरू करता येते.

आता काम. पहिल्या आठवड्यात काहीही सोडू नकोस. एक छोटी वही घे आणि ज्या ज्या वेळी रील पाहण्यात अर्ध्या तासाहून अधिक वेळ गेला, त्या त्या वेळी तीनच गोष्टी लिही : किती वाजले होते, त्याआधी काय घडले होते आणि मन कसे होते. माझ्याकडे येणारे बहुतेक तरुण ही वही आधी टाळतात, कारण ती निरुपयोगी वाटते. पण सात दिवसांनी तीच वही त्यांना काहीतरी अनपेक्षित सांगते. कुणाला कळते की आपण मोबाइल उचलतो तो न जमलेल्या गणितानंतर. कुणाला कळते की दिवसभरात आपल्याशी कुणीच बोललेले नसते त्या रात्री उशीर होतो. दिवसभर वर्ग, प्रवास आणि घरच्यांच्या अपेक्षा यांत गेल्यावर रात्रीचा तो एकच वेळ पूर्णपणे स्वतःचा उरतो, म्हणून झोपावेसेच वाटत नाही, असेही अनेकांच्या बाबतीत निघते. तुझ्या वहीत काय निघेल ते मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तू विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच आहे आणि पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. जो वेळ स्वतःचा म्हणून हवा आहे तो संध्याकाळी अर्धा तास आधीच काढून ठेवला, तर रात्री तो चोरावा लागत नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून एकच बदल कर, आणि तो अंथरुणाचा. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावायचा. उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घ्यायचे. सुरुवात झोपेपासून करण्याचे कारण असे की तुझ्या वयात सात ते नऊ तासांची झोप लागते, आणि ती मोडली की दुसऱ्या दिवशी मनावरचा ताबा कमी होतो, कंटाळा लवकर येतो, आणि त्या कंटाळ्यावर उतारा म्हणून पुन्हा मोबाइलच हातात येतो. हे चक्र झोपेच्या टोकाला तोडणे सर्वांत सोपे असते. निश्चय करताना 'मी कमी पाहीन' असे मोघम ठरवू नकोस. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की 'अमुक घडले की मी तमुक करीन' अशा रूपातले संकल्प अधिक पाळले जातात. 'साडेदहा वाजले की मी मोबाइल बाहेर ठेवून दात घासायला जाईन,' इतके नेमके वाक्य कागदावर लिही.

अ‍ॅप काढून टाकण्याऐवजी त्याची वाट अवघड करून ठेव. प्रत्येक वापरानंतर खात्यातून बाहेर पड, पासवर्ड मोबाइलमध्ये साठवू नकोस, माणसांच्या संदेशांखेरीज बाकी सर्व सूचना बंद कर. ओढ येईल तेव्हा तिच्याशी वादही घालू नकोस. ती लाटेसारखी चढते आणि तिला खाद्य मिळाले नाही तर बहुधा काही मिनिटांत ओसरू लागते. तेवढा वेळ उभा राहा, खोलीबाहेर जा, पाणी पी, कुणाला तरी फोन कर.

आणि पाचव्या वेळीही घसरण होईल. चौथ्या दिवशी तू नेहमीपेक्षा जास्त का पाहिलेस, याचे स्पष्टीकरण व्यसनांवर काम करणाऱ्या अ‍ॅलन मार्लट यांनी दिले आहे : पूर्ण वर्ज्य करण्याची शपथ घेतलेल्या माणसाकडून एकदा चूक झाली की 'आता सगळे गेलेच' असे त्याला वाटते, आणि त्या निराशेत तो मूळ चुकीहून मोठी चूक करतो. म्हणून घसरलेली रात्र वहीत लिही आणि दुसऱ्या रात्री साडेदहाला मोबाइल पुन्हा बाहेर ठेव. नवी सवय एकवीस दिवसांत लागते हे तू कुठेतरी ऐकले असशील. लंडनमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, काहींना 18 तर काहींच्या बाबतीत अंदाज 254 दिवसांपर्यंत गेला, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. तीन महिन्यांनी मला पुन्हा लिही. वहीतले एक पान सोबत जोडलेस तर आवडेल.

प्रश्न : माझा सोळा वर्षांचा मुलगा रात्रभर ऑनलाइन गेम खेळतो. शाळा बुडते. मागील महिन्यात रागाच्या भरात मी खेळ चालू असतानाच रूटर बंद केला आणि मोबाइल काढून घेतला. त्याने आईला ढकलले, दाराची काच फोडली आणि 'मी जिवाचे काही बरेवाईट करून घेईन' असे म्हणाला. घाबरून आम्ही सगळे परत दिले. आता घरात कुणी त्याच्याशी बोलतच नाही. मी वडील म्हणून काय करावे?

उत्तर : सर्वांत आधी त्याच्या त्या वाक्याविषयी. ती नुसती धमकी आहे असे गृहीत धरू नका. शांत वेळ पाहून, एकटे असताना, त्याला सरळ शब्दांत विचारा की मरण्याचे विचार मनात येतात का. असे विचारल्याने ते विचार मनात रुजतात ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. घरातील औषधे आणि इजा करता येईल अशा वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा, आणि येत्या काही दिवसांतच मनोविकारतज्ज्ञांची भेट घ्या. तो 'हो' म्हणाला, तर दिवस न दवडता त्याच दिवशी जा आणि तोवर त्याला एकटे सोडू नका. गेमचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

त्या रात्री जे घडले ते समजून घेण्यासाठी एक गोष्ट सांगते. आजचे बरेच खेळ संघाने खेळले जातात. सामना मधेच सोडला तर रँक घसरते, आणि त्याहून वाईट म्हणजे संघातील सोबत्यांना तोंडघशी पाडल्याचा ठपका बसतो. तुम्ही बंद केला तो रूटर होता, पण मुलाच्या दृष्टीने त्याची सोबत्यांपुढची प्रतिष्ठा एका क्षणात गेली. आईवर हात टाकण्याचे समर्थन यातून होत नाही, आणि ते कदापि चालणार नाही हे त्याला स्पष्टपणे सांगितलेच पाहिजे. तरीही त्याच्या संतापाचे मूळ यात आहे.

वरून लादलेल्या बंदीचा एक मोठा अनुभव जगाच्या गाठीशी आहे. दक्षिण कोरियाने 2011 मध्ये कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळांची दारे बंद केली. मुले पालकांच्या ओळख क्रमांकाने खेळू लागली. तो कायदा मागे घेण्याचा निर्णय 2021 मध्ये झाला, आणि मुलाने व पालकांनी मिळून खेळाच्या वेळा ठरवून घ्याव्यात, या आधीपासून असलेल्या व्यवस्थेवर भर दिला गेला. एका संपूर्ण देशाला दहा वर्षांनी जे करावे लागले, ते तुम्हाला घरात आजच सुरू करता येईल.

त्यासाठी आधी अबोला तुम्ही मोडा. एखाद्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते पाहा आणि मनापासून विचारा की या खेळात तू कोण आहेस. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाच्या मनाला तीन गोष्टी लागतात : आपले निर्णय आपण घेतो आहोत ही भावना, आपल्याला काहीतरी चांगले जमते हा अनुभव आणि कुणाशी तरी जोडलेले असणे. चांगला गेम या तिन्ही गोष्टी रोज हातात आणून देतो. तुमच्या मुलाला शाळेत किंवा घरात यांपैकी काय मिळते, याचे उत्तर तुम्ही स्वतःला प्रामाणिकपणे द्या. तो खेळात संघाचे नेतृत्व करत असेल आणि घरात त्याच्याशी गुणांखेरीज कशाविषयीच बोलले जात नसेल, तर त्याने कुठे राहणे पसंत केले हे कळायला कठीण नाही.

मग वेळा ठरवा, आणि त्या मिनिटांत मोजण्याऐवजी सामन्यांत मोजा, म्हणजे मधेच तोडण्याचा प्रसंग येणार नाही. शेवटचा सामना किती वाजेपर्यंत सुरू करायचा, हे त्याने सांगायचे आणि तुम्ही त्यावर घासाघीस करायची. तो पहाटे चारपर्यंत जागत असेल तर पहिल्या आठवड्यात तीन, पुढच्या आठवड्यात दोन, असे मागे या. या काळात चिडचिड, अस्वस्थता आणि उदासी वाढेल. ती साधारणतः काही आठवड्यांत उतरते, हे त्यालाही आधी सांगून ठेवा. आणि ज्या वेळी त्याचा मोबाइल बाहेर ठेवायचा, त्याच वेळी तुमचाही त्याच्याशेजारी ठेवायचा. हा भाग वगळून बाकीचे पाळता येईल का, असे मला पुष्कळ वडील विचारतात. माझ्या अनुभवात ते चालत नाही.

प्रश्न : मी एकोणीस वर्षांची आहे. फोटो टाकला की किती लाइक आले ते दर दोन मिनिटांनी पाहते. इतरांचे फोटो पाहून माझे आयुष्य फिके वाटते. सगळे बंद करावेसे वाटते, पण बंद केले तर मैत्रिणी मला विसरतील अशी भीती आहे.

उत्तर : तुझी भीती खरी आहे, कारण तुझ्या मैत्रिणींच्या गप्पा आणि बेत तिथेच ठरतात. म्हणून सर्व बंद करण्याचा सल्ला मी देणार नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 143 विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील एका गटाने तीन आठवडे तीन समाजमाध्यमांवर रोज प्रत्येकी दहा मिनिटेच घालवली. दुसऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. नंतरच्या सर्वच प्रयोगांत इतका स्पष्ट परिणाम दिसलेला नाही, पण करून पाहण्यात काही गमवायचे नाही. ठरलेल्या वेळेत आधी मैत्रिणींशी थेट बोल, आणि नुसते इतरांचे फोटो पाहत पुढे सरकणे शेवटी ठेव. ज्या खात्यांमुळे स्वतःचा चेहरा, शरीर किंवा घर कमी वाटू लागते ती खाती बंद कर. लाइकची संख्या लपवण्याची सोय असेल तर वापर. आणि त्या मैत्रिणींपैकी जिच्याशी खरे बोलता येते अशा एकीला तू मला लिहिलेस तेच सांग. तिलाही हेच वाटत असण्याचा पुष्कळ संभव आहे.

प्रश्न : माझ्या भाच्याला इंटरनेटच्या अतिवापरासाठी समुपदेशनाला नेत आहोत. तीन भेटी झाल्या, फरक पडला नाही. यावर औषध नाही का?

उत्तर : केवळ या त्रासासाठी म्हणून मान्य झालेले असे औषध नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीचा पुरावा आजवर सर्वांत चांगला आहे, आणि तिला साधारणपणे आठ ते बारा किंवा त्याहूनही अधिक भेटी लागतात. मात्र अतिवापराच्या मागे नैराश्य, लोकांमध्ये मिसळण्याची तीव्र भीती किंवा लक्ष एकाग्र न होण्याचा विकार दडलेला असणे अजिबात दुर्मीळ नाही, आणि या विकारांवर प्रभावी उपचार आहेत, काहींवर औषधेही आहेत. समुपदेशकांना विचारा की या दृष्टीने तपासणी झाली आहे का. झाली नसेल तर मनोविकारतज्ज्ञांकडून करून घ्या. तोपर्यंत चौथी भेट चुकवू नका. त्याला घेऊन जा, पण आत त्याला एकट्यालाच बसू द्या, आणि परतीच्या वाटेवर आत काय बोलणे झाले ते विचारू नका.